एकाच टॉवरवर दोन रिपीटर: गडबड नेमकी आणीबाणीतच का होते?

पूर आला, वीज गेली, फोनची रेंज गेली, की बातम्यांमध्ये हॅम रेडिओचं नाव येतं. २००१ चा भूज भूकंप असो की २०१८ चा केरळमधला पूर, हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवलेत. म्हणून पावसाळ्याआधी तयारीची चर्चा होते तेव्हा 'डोंगरावर रिपीटर आहे ना, मग झालं!' असं म्हटलं जातं. मला वाटतं, खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

हातातला हॅम सेट साधारण ५ वॅटचा. रिपीटर उंचावरून त्याचा क्षीण सिग्नल एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात पुन्हा पाठवतो. २ मीटर बँडमध्ये या दोन्हींत सहसा ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. उंच जागा मोजक्या, त्यामुळे एकाच टॉवरवर दोन रिपीटर येतात.

गणित करून बघा

समजा, 'अ' रिपीटर १४५.३०० मेगाहर्ट्झवर बोलतो आणि 'ब' १४५.६०० वर. 'ब' ऐकतो १४५.००० वर. कागदावर कुणीच कुणाच्या वाटेत नाही. पण दोन जोरदार सिग्नल एकमेकांत मिसळले की नवे सिग्नल जन्मतात. त्यातला एक म्हणजे 'अ'ची दुप्पट वजा 'ब': २९०.६०० वजा १४५.६००, म्हणजे बरोबर १४५.०००. थेट 'ब'च्या कानात! याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात.

मग 'अ'वरचं बोलणं 'ब'वर फाटक्या आवाजात ऐकू येतं आणि दूरच्या माणसाचा सिग्नल त्याखाली दबतो. पण हे घडायला दोन्ही रिपीटर एकाच वेळी चालू हवेत. एरवी दिवसभरात ते क्वचितच एकत्र बोलतात. पुराच्या दिवशी मात्र दोन्ही अखंड बोलत असतात. मी सॉफ्टवेअरवाला, एकेकट्या प्रोसेस नीट चालतात आणि लोड आला की सिस्टिम कोसळते, असले बग आमच्या रोजच्या ओळखीचे. हाही तसाच.

शोधायचं कसं?

आधी एकेक ट्रान्समीटर बंद करून बघा. कुठलाही एक बंद केल्यावर त्रास थांबला तर इंटरमॉड्युलेशनचा संशय पक्का. फक्त 'ब' चालू असतानाही त्याचं ऐकणं मंदावत असेल, तर त्याच्या स्वतःच्याच ट्रान्समीटरचा जोर रिसीव्हरला बहिरा करतोय. तिथे डुप्लेक्सर तपासायचा.

मग मिश्रण कुठे होतंय ते बघायचं. रिसीव्हरच्या तोंडाशी ३ डेसिबलचा ॲटेन्युएटर लावा. नको असलेला सिग्नल ३ डेसिबलनेच घटला तर तो बाहेरून येतोय. ९ च्या आसपास घटला तर तो रिसीव्हरमध्येच तयार होतोय. बाहेरचा असेल तर टॉवरवरचे गंजलेले बोल्ट आणि सैल कनेक्टरही संशयित.

टोन लावणं हा सोपा उपाय वाटतो. पण टोनमुळे फक्त नको तेव्हा रिपीटर उघडत नाही. गोंगाट जागच्या जागी राहतो.

मग खर्च कुणाचा?

गंमत अशी, की वरच्या उदाहरणात मिश्रण बहुतेकदा 'अ'च्या ट्रान्समीटरमध्ये होतं. 'ब'चा सिग्नल अँटेनातून उलटा 'अ'च्या ॲम्प्लिफायरमध्ये शिरतो. म्हणजे तक्रार 'ब'ची, पण आयसोलेटर आणि फिल्टर बसवायचे 'अ'कडे. 'आमचा सेट तर व्यवस्थित चालतो' असं 'अ'वाले म्हणाले, तर ते खोटं बोलत नसतात. तरी दुरुस्ती त्यांच्याच खोलीत करावी लागते.

तुमच्या फोनचा टॉवरही बऱ्याचदा अनेक कंपन्यांत वाटलेला असतो. तिथेही गंजलेल्या सांध्यांतून होणारी अशी सरमिसळ इंजिनिअरांना शोधत बसावी लागते. टॉवर वाटून घेतला की खर्च वाचतो, हे खरंच. पण मग जबाबदारीही वाटून घ्यावी लागते, आणि ती आधीच लिहून ठेवलेली बरी.

म्हणून पुढच्या वेळी कुणी 'रिपीटरची चाचणी झाली' म्हणालं, तर एवढंच विचारा: दोन्ही एकदम चालवून बघितले का?