शिळे झालेले उत्तर

५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर व पांढुर्णा या दोन्ही तहसिली छिंदवाड्यापासून वेगळ्या झाल्या. घरोघरीच्या जुन्या कागदांवर मात्र अजून ‘जिल्हा छिंदवाडा’ आहे. लिहिले तेव्हा ते खरेच होते. आज त्यावर विसंबून कुणी जिल्हाधिकाऱ्यांचे दार ठोठावले, तर एसटीचे भाडे फुकट जायचे.

संगणकाच्या पोटात अशी फसगत क्षणाच्या सूक्ष्म अंशात घडते. आपल्या भागातील जी मुले नागपूर-पुण्यास या व्यवसायात आहेत, त्यांना विचारून पाहावे.

आपल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, असतो. फोनमध्ये प्रोसेसर एक नव्हे, पुष्कळदा आठ. त्यांनी एकमेकांत गुंतू नये म्हणून कर्नल प्रत्येकाला स्वतंत्र वही देते. एखादे काम विचारते, ‘मी कोणत्या प्रोसेसरवर आहे?’ उत्तर येते, ‘तिसऱ्या.’ पण वही उघडण्यापूर्वीच कर्नल त्याला थांबवून पाचव्यावर नेऊन बसविते. आता ते पाचव्यावरून तिसऱ्याच्या वहीत लिहू लागते; त्याच वेळी तिसऱ्यावरचे दुसरे कामही तीत लिहीत असेल, तर हिशेब बिघडलाच. हे क्वचितच घडते, म्हणूनच महिनोन् महिने सापडत नाही.

यासाठी ‘डीबग प्रीएम्प्ट’ नावाची तपासणी आहे. हलविता येण्याजोग्या स्थितीत हा प्रश्न विचारताच, प्रत्यक्ष नुकसान झालेले नसले तरी, ती इशारा छापते. प्रश्न कोणी विचारला, कोणाच्या सांगण्यावरून, अशी सारी साखळी त्यात असते. शोध तेथूनच सुरू करावा.

उपाय दोन. ‘गेट सीपीयू’ने कामाला जागीच धरून ठेवावे व लिहून झाल्यावर ‘पुट सीपीयू’ने सोडावे. दरम्यान त्याला झोपू देता येत नाही, नाहीतर ‘शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ ही निराळीच तक्रार उभी राहते. दुसरा उपाय फारच सोपा, आणि मला तो धोक्याचा वाटतो : प्रश्नाआधी ‘रॉ’ हे अक्षर जोडावे. उत्तर तेच मिळते, तपासणी मात्र टळते व इशारा नाहीसा होतो. जवळची रांग निवडायची असेल आणि अंदाज चुकला तरी बिघडत नसेल, तेथे हे रास्त आहे. वहीत लिहायचे असेल तेथे मात्र दोष तसाच राहतो, फक्त बोलेनासा होतो.

एकाच प्रोसेसरला बांधलेल्या कामाला ही तपासणी हटकत नाही. ते हलणारच नाही, मग उत्तर शिळे कसे होईल?