पाणी जाते कोठे?

जुनी मोटार बाळगणाऱ्या घरांत प्रवासाच्या सकाळी एक प्रश्न हटकून ऐकू येतो : "पाणी घातले ना?" प्रश्न काळजीचाच आहे. परंतु ज्या गाडीत दर आठवड्यास पाणी घालावे लागते, तिचे पाणी जाते कोठे, हा पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. इंजिन, रेडिएटर आणि त्यांस जोडणाऱ्या रबरी नळ्या मिळून पाण्याचा एक बंद फेरा होतो. तो सुस्थितीत असता महिनोन्महिने पाणी कमी होण्याचे कारण नाही.

आम्हीही तो प्रश्न विचारला नव्हता. गेल्या वैशाखात थोरल्या बंधूंच्या जुन्या गाडीतून आत्याबाईंसह आम्ही सहाजण सांगलीहून पाचगणीस निघालो. पेठ नाका, कराड, सातारा येथवर उष्णतेचा काटा जागचा हलला नाही. वाई सोडून पसरणीचा घाट लागला आणि तो चढू लागला. वाईपासून पाचगणीपर्यंत रस्ता पाचशे मीटरांहून अधिक चढतो. चढावर इंजिनाचे श्रम वाढतात, वेग मंदावल्याने समोरचा वारा मिळत नाही, आणि सपाटीवर झाकून राहिलेले दुखणे तेथे उघडे पडते. वाफ दिसताच गाडी उभी केली, हे योग्यच झाले. पण पुतण्याने उत्साहाच्या भरात रेडिएटरचे झाकण फिरविले आणि उकळत्या पाण्याचा फवारा त्याच्या मनगटावर आला.

स्वयंपाकघरातील प्रेशर कुकर वाफ जिरेपर्यंत कोणी उघडीत नाही. रेडिएटरचे झाकणही त्याच जातीचे आहे. पाचगणीच्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळते. समुद्रसपाटीच्या हवेपेक्षा दाब निम्म्याने वाढविला, तर ते सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण दाब धरून ठेवते ते याचसाठी. ते काढताच दाब सुटतो आणि आतल्या पाण्याचा एकदम भडका उडतो. आमच्याजवळच्या कळशीतले गार पाणी वीस मिनिटे मनगटावर धरले. तूप, शाई, दंतमंजन यांपैकी काही लावू दिले नाही, म्हणून थोडक्यात निभावले. गाडीसाठी पाणी मग वाईहून आणावे लागले! तेही इंजिन पुरते निवल्यावरच घालावे; तापल्या लोखंडावर गार पाणी पडले तर ते तडकते.

आता शोधाविषयी. लाल दिवा लागून काटाही चढू लागला, तर प्रथम पट्टा पाहावा. जुन्या अँबेसेडरसारख्या गाड्यांत डायनमो, पंखा व पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. गर्दीत उभी असता तापणारी आणि वेगात निवणारी गाडी वाऱ्याची तक्रार सांगते. चढावर व वेगात तापणारी बहुधा पाण्याची, किंवा क्षार साचून तुंबलेल्या रेडिएटरची. जत, कवठे महांकाळकडील पुष्कळ विहिरींचे पाणी जड असते. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, ते रेडिएटरातही घालू नये. काटा वर गेला असताही वरची नळी गारच राहिली, तर थर्मोस्टॅट अडकला असे समजावे. तो काढून टाकून मोकळे होण्याची आपल्याकडील रीत मला मान्य नाही. इंजिन थंड राहूनही झिजते, नवा बसवावा.

बाहेर थेंबही नसून पाणी आटत असेल, तर मात्र धास्ती बाळगावी. इंजिन तापल्यावरही धुराड्यातून पांढरी वाफ येत राहणे, रेडिएटरात सतत बुडबुडे उठणे, तेल दुधाच्या चहासारखे दिसणे, ही हेड गॅस्केट गेल्याची चिन्हे होत. तेलाच्या झाकणाखाली नुसता पांढुरका थर दिसला, तर तेवढ्यावरून निर्णय करू नये; जवळच्या फेऱ्यांनीही तो धरतो.

आमच्या गाडीखाली रात्रभर कागद पसरला, तो सकाळी कोरडाच. एका कारागिराने नवा रेडिएटर सुचविला. बंधू पैसे मोजावयास तयारही झाले होते. तेवढ्यात अंगणात उघड्या बॉनेटशी आत्याबाई येऊन उभ्या राहिल्या आणि पंख्यामागे बोट दाखवून म्हणाल्या, "अरे, हा पांढरा ओघळ कसला? आपल्या बंबाला पाझर लागला होता, तेव्हा खाली अस्साच चट्टा धरला होता."

ओघळ पाण्याच्या पंपाच्या बुडाशी होता. तेथे एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की पाणी त्यावाटे बाहेर येते. हा पंप शेतावरच्या पंपाचाच धाकटा भाऊ; किर्लोस्करवाडीच्या जिल्ह्यात आसाशी होणारी गळती कोणास समजावून सांगावी लागू नये, पण आम्हांस लागली. गळती गाडी चालू असतानाच होई, थेंब तापल्या लोखंडावर वाळून जाई आणि मागे क्षार तेवढे राहत.

पंप बदलला. पाण्याऐवजी आता कूलंट घालतो. ते विषारी असून चवीस गोड असते, म्हणून त्याचा डबा मुलांपासून दूर, फडताळाच्या वरच्या खणात ठेवला आहे. जूनपासून आजवर एकदाही भर घालावी लागलेली नाही. पुतण्याच्या मनगटावर डाग राहिला आहे.