आयात अन्नाचा काटा

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात इंडोनेशियाहून अमेरिकेच्या चार बंदरांत आलेल्या मालाच्या पेट्यांपाशी किरणोत्सर्ग हुडकणारी यंत्रे खणखणली. तपासलेल्या कोळंबीच्या एका नमुन्यात किलोमागे सुमारे ६८ बेकरेल इतके सीझियम-१३७ सापडले. तेथील धोक्याची मर्यादा १,२०० बेकरेलची. तरीही संशयित माल आत घेण्यात आला नाही आणि बाजारात पोचलेली कोळंबी परत मागविण्यात आली. दोषाचा उगम जावा बेटावरील भंगार लोखंड वितळविणाऱ्या एका कारखान्याकडे असल्याचे पुढे दिसून आले. अणुभट्टी फुटली तरच अन्नाची चिंता करावयाची, ही समजूत आता टाकून देणे बरे.

मुंबईकरांना हा प्रश्न नवा नाही. १९८६ च्या एप्रिलमध्ये चेर्नोबिलची भट्टी फुटली आणि युरोपातील कुरणांवर किरणोत्सारी धूळ बसली. त्यानंतर युरोपीय आर्थिक समुदायाच्या अनुदानातून २०० टन आयरिश लोणी भारतात आले, तेव्हा येथील काही नागरिकांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. 'धर्माची गाय आणि दात का गं नाय' असे म्हणून त्यांना गप्प करणे सोपे होते. परंतु दान दिलेले अन्नही शेवटी कोणाच्या तरी लेकराच्या पोटात जाते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तज्ज्ञांची समिती नेमली गेली, अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरविलेल्या मर्यादेतील अन्न निर्धोक आहे असा तिने निर्वाळा दिला आणि १९८८ साली याचिका निकालात निघाली. हा निर्णय शास्त्राला धरून होता, हे आम्ही मान्य करतो. मात्र जी माहिती नागरिकांना मागण्याआधीच मिळावयास हवी होती, तिच्यासाठी त्यांना देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत जावे लागले, हेही विसरता येत नाही.

ही मर्यादा म्हणजे तरी काय? युरोपीय समुदायाने १९८६ साली दुधासाठी व बालकांच्या अन्नासाठी ३७० आणि इतर अन्नासाठी ६०० बेकरेलची मर्यादा घातली. नॉर्वेने त्याच वर्षी रेनडिअरच्या मांसासाठी ती ६,००० पर्यंत वाढविली. कारण सामी पशुपालकांची उपजीविकाच बुडू लागली होती. फुकुशिमाच्या अपघातानंतर जपानने ५०० ची मर्यादा २०१२ साली १०० वर आणली, दुधासाठी ५० वर. माणसाचे शरीर सर्वत्र एकच. मग आकडे निराळे का? असे अन्न रोजच्या आहारात किती येणार आणि ते नाकारल्यास कोणाचे किती नुकसान होणार, याचाही हिशेब त्या आकड्यांत असतो. म्हणजेच शास्त्राच्या जोडीला तेथे धोरणही असते. आणि धोरणाचा जाब विचारण्याचा अधिकार लोकशाहीत प्रत्येक नागरिकाला आहे.

सरसकट बंदी हा यावरील उपाय नव्हे. ५ एप्रिल २०११ रोजी आपल्या सरकारने जपानी अन्नावर तीन महिन्यांची बंदी जाहीर केली आणि काही दिवसांतच ती मागे घेतली. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो हे खरे; पण राज्यकर्त्यांनी फुंकण्यापूर्वी पेल्यात काय आहे ते पाहावे.

आमची मागणी साधी आहे. जेथून धोका संभवतो तेथील अन्न बंदरातच तपासले जावे. मर्यादा काय, ती कोणत्या हिशेबाने ठरली आणि प्रत्येक खेपेत काय आढळले, हे लोकांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावे. बालकांच्या अन्नाला अधिक कडक माप लावावे. विकत घेतलेल्या आणि दानात मिळालेल्या अन्नाला मात्र एकच काटा असावा. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने असुरक्षित अन्नाच्या आयातीस मनाई केलीच आहे. ती कागदावरून धक्क्यावर उतरली पाहिजे. किरणोत्सर्गाला रंग नाही, वास नाही, चव नाही. गृहिणी भाजी निवडून घेते, दूध हुंगून पाहते. येथे तिची सारी हुशारी व्यर्थ आहे. तिच्या वतीने ज्यांनी पाहावयाचे, त्यांनी काय पाहिले ते तिला सांगितलेच पाहिजे.