फॉरमॅट मारण्याआधी जरा 'टॉप' मारा!

मेसच्या भाजीला नावं ठेवणं सोडलं, तर आपल्या हॉस्टेलचं एकमत फक्त एका गोष्टीवर आहे: फॉरमॅट! मशीन हँग होतंय? फॉरमॅट मार. फोल्डर उघडायला वेळ लागतोय? फॉरमॅट मार. पेन ड्राइव्ह दिसत नाही? तरी फॉरमॅट मार! ताप बघायच्या आधीच पेशंटला ऑपरेशन टेबलावर घ्यावं, तसला हा प्रकार. आणि सबमिशनच्या आठवड्यात या ऑपरेशनमध्ये आख्खा प्रोजेक्ट गमावून बसलेला एक तरी ग्रुप दरवर्षी कॉरिडॉरमध्ये दिसतोच. "बॅकअप घेतला होता रे, पण त्याच डिस्कवर..." हे वाक्य ज्याने ऐकलं नाही तो हॉस्टेलवर राहिलेलाच नाही.

माझं म्हणणं असं की संथ मशीनचं आधी निदान करावं, आणि त्यासाठी लागणारं सगळं आपल्याला वर्गात शिकवून झालेलं आहे. आपण ते फक्त पेपरात लिहितो.

याच सेमिस्टरचं उदाहरण घ्या. विंगमधल्या एका मित्राच्या डेस्कटॉपवर उबुंटू आहे, डिस्क जुनी, फिरणारी. फाईल मॅनेजर उघडला की पांढरी खिडकी, आणि पंधरा-वीस सेकंदांनी फोल्डर. कुठलंही फोल्डर, अगदी दोनच पीडीएफ असलेलंसुद्धा. बीईचा प्रोजेक्ट त्याच डिस्कवर, रिव्ह्यू चार दिवसांवर. विंगमधल्या तज्ज्ञ मंडळींनी बिनविरोध ठराव केला: फॉरमॅट. एकाने दुरुस्ती सुचवली, रॅम पण वाढव!

आम्ही टर्मिनल उघडून 'टॉप' चालवलं. प्रोसेसच्या यादीत सीपीयू खाणारं कुणीच नाही. बहुतेक जण इथेच सोडून देतात. कुणी सीपीयू खात नाही, मग ओएसच करप्ट झाली असणार! पण टॉपच्या वरच्या ओळींत 'डब्ल्यूए' असा एक आकडा असतो. डिस्कचं काम अडलंय म्हणून सीपीयू किती टक्के वेळ नुसता बसून आहे, ते तो सांगतो. इथे तो पन्नाशीच्या पुढे होता. आणि फाईल मॅनेजरच्या, म्हणजे नॉटिलसच्या ओळीत, स्टेटच्या रकान्यात 'डी' हे अक्षर सारखं दिसत होतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात रेडी, रनिंग, वेटिंग अशी जी आकृती आपण डोळे मिटून काढतो ना, त्यातलं वेटिंग हेच. डिस्ककडून उत्तर येईपर्यंत अशी प्रोसेस सहसा 'किल मायनस नाईन' देऊनही मरत नाही.

आता डिस्क एवढी का अडते, याचं गणित मेकॅनिकलवाल्यांनीही करून बघावं. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांचा. हवा तो सेक्टर हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, ४.१७ मिलिसेकंद. हेड त्या ट्रॅकवर न्यायला आणखी साधारण ९. बेरीज १३ च्या आसपास. म्हणजे विखुरलेल्या जागांवरून वाचायचं तर सेकंदाला ७५-८० वेळाच वाचता येतं! दुसऱ्या कुणी हेड सारखं भलतीकडे ओढलं, की आपल्या दोन पीडीएफवाल्या फोल्डरलाही रांगेत उभं राहावं लागतं.

हेड कोण ओढतंय? 'आयओटॉप' (याला सुडो लागतं) चालवल्यावर पहिल्या ओळीत नाव आलं ट्रॅकर मायनरचं. हा इंडेक्सर. आपल्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डरांतल्या फायलींची सूची बनवून ठेवतो, म्हणून सर्चला लगेच उत्तर येतं. (नव्या आवृत्तीत शोधणार असाल तर २०२४ पासून त्याचं नाव लोकलसर्च झालंय.)

लगेच आवाज आला, "मारून टाक त्याला!" मला हे फॉरमॅटचंच धाकटं भावंड वाटतं. इंडेक्सरला काम कोण देतंय? सूची एकदा पुरी झाली की तो गप्प बसायला हवा, मग हा पाच दिवस का राबतोय? गेल्या मिनिटाभरात बदललेल्या फायली 'फाइंड' कमांडने शोधल्या आणि सगळा उलगडा झाला. प्रोजेक्टच्या तापमानाच्या सेन्सरसाठी लिहिलेली पायथनची स्क्रिप्ट मागे चालूच होती, आणि दर सेकंदाला एक रीडिंग नव्या फाईलमध्ये टाकत होती. तेही डॉक्युमेंट्समध्ये! दिवसाला ८६,४०० फायली, पाच दिवसांत सव्वाचार लाखांच्या वर. नवी फाईल आली की कर्नल इनोटिफायमार्फत इंडेक्सरला कळवतो (ही सोय लिनक्समध्ये २००५ पासून आहे), तो बिचारा ती उघडतो आणि आपल्या डेटाबेसमध्ये नोंद करतो. तोवर पुढची तयार.

उपाय दहा मिनिटांचा. स्क्रिप्ट एकाच फाईलमध्ये ओळी जोडत जाईल अशी केली, आणि त्या फोल्डरात डॉट नोमीडिया नावाची रिकामी फाईल टाकली. मोबाईलच्या गॅलरीतून फोटो लपवायला जी तुम्ही वापरता तीच! (कशाचे फोटो ते मी विचारत नाही.) ट्रॅकरही ती दिसली की ते फोल्डर सोडून देतो.

फॉरमॅट मारलं असतं तर? दोन दिवस मशीन पळालं असतं, कारण फोल्डरच रिकामी! मग डेटा परत आणला असता, तयार सूची पुसली गेल्यामुळे इंडेक्सरने पहिल्यापासून सुरुवात केली असती, आणि स्क्रिप्ट तर तीच. एसएसडीने फरक पडतो, खोटं का बोला, पण त्या सव्वाचार लाख फायली तिथेही साठतच गेल्या असत्या.

विंडोजवाल्यांनी हसू नये. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या रकान्यावर क्लिक करा. कधी सर्च इंडेक्सर वर येतो, कधी अँटिव्हायरस, कधी मागे चाललेलं अपडेट. काहीच वर आलं नाही, तर बंद असलेल्या सर्व्हरचा नेटवर्क ड्राइव्ह जोडलेला आहे का ते बघा, एक्सप्लोरर त्याच्या उत्तराची वाट बघत बसतो. टास्कबारही एक्सप्लोररच चालवतो, म्हणून तो अडकला की आख्खं मशीन मेल्यासारखं वाटतं.

आता थोडं सरांना आणि मॅडमना. राउंड रॉबिनचे गँट चार्ट आणि बँकर्स अल्गोरिदम आम्ही झोपेतही सोडवू. पण ओएसच्या जर्नलमध्ये असं एकही प्रॅक्टिकल नाही, ज्यात खरोखर अडकलेली प्रोसेस शोधायची असते. एक तरी ठेवा. लॅबमधलं मशीन मुद्दाम संथ करून द्यायचं, अर्धा तास द्यायचा, आणि तीन गोष्टी लिहून घ्यायच्या: कुठली प्रोसेस अडली, कुणामुळे, आणि त्या 'कुणा'ला काम कोण देतंय. तिसऱ्या प्रश्नाला निम्मे मार्क. लॅबमधल्या काकांना मी विचारून ठेवलंय, जुनी डिस्क असलेली दोन मशिनं द्यायला ते तयार आहेत.