वॉर्डाची रेघ कोण ओढतो?



पंचायतीची निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यापुढं जीप येते. जीप पाड्यावर आली, भोंगा वाजला, की निवडणूक लागली. मग पत्रकं, चिन्हं, रात्रीची बाटली, मतदानाच्या दिवशी ट्रॅक्टरातून नेणं-आणणं. पण जीप येते तोवर निम्मी निवडणूक उरकलेली असते. ती तहसील कचेरीत झालेली असते, तलाठ्याच्या दप्तरात झालेली असते, चावडीच्या फळ्यावर डकवलेल्या आणि आठ दिवसांत पावसानं धुऊन गेलेल्या कागदावर झालेली असते. तिथं शेटचा माणूस असतो. आपला कोणी नसतो. या वेळी आम्ही त्या अगोदरच्या निवडणुकीबद्दल लिहीत आहोत, कारण आपल्या भागातल्या बऱ्याच पंचायतींची मुदत संपत आली आहे.

आधी एक गोष्ट कबूल करू. आपल्या संघटनेनं इतकी वर्षं पंचायतीकडं नाक मुरडूनच पाहिलं. जमिनीची लढाई मोर्च्यानं, धरण्यानं लढायची, पंचायत म्हणजे गटार आणि दिवाबत्ती, असं आपण म्हणत आलो. त्याला कारणही होतं. निवडणुका कधी घ्यायच्या हे सरकारच्या मर्जीवर होतं. जिल्हा परिषदेच्या निवडणुका १९७९ साली झाल्या, त्या नंतर एकदम १९९२ साली. मधली पोरं मतदार होऊन बाप झाली. अशा खेळात कोण जीव लावणार?

आता ते बदललं आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतीची मुदत पाच वर्षं ठरली. ती संपायच्या आत निवडणूक घ्यावीच लागते, पंचायत मधेच बरखास्त केली तर सहा महिन्यांत. यादी करण्यापासून निकालापर्यंतचा कारभार राज्य निवडणूक आयोगाकडे आला आहे. महाराष्ट्रात हा आयोग १९९४ साली झाला. खाली गावात मात्र माणसं तीच आहेत. आयोग कलेक्टरला सांगतो, कलेक्टर तहसीलदाराला, तहसीलदार तलाठ्याला. म्हणजे जो तलाठी पीकपाण्याला तुमचं नाव लावत नाही, तोच निवडणुकीत तुमच्या पाड्याचा हिशोब मांडतो. तेव्हा आयोग मुंबईत आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

पहिला घाव यादीत बसतो. एका पाड्यावरची हकिकत सांगतो. गेल्या वेळी मतदानाला चाळीसेक माणसं भट्टीवरून खाडा करून, पदरच्या पैशानं एस्टीनं आली. केंद्रावर मास्तरनं यादी चाळली. "तुमचा नाव नाय." बापाचं नाव आहे, बाप मरून सहा वर्षं झाली. पोराचं नाही. बाईचं नाव माहेरच्या गावात. दोघा भावांची नावं दुसऱ्याच वॉर्डात. ती माणसं सावलीत बसली आणि संध्याकाळी परत गेली. त्या पाड्याचा उमेदवार अकरा मतांनी पडला.

हे का झालं ते नीट समजून घ्या, कारण बऱ्याच कार्यकर्त्यांनाही ते ठाऊक नाही. पंचायतीची स्वतःची वेगळी मतदार यादी नसते. आमदाराच्या निवडणुकीची जी यादी, तीच ठरलेल्या तारखेला जशी असेल तशी घेतात आणि वॉर्डावॉर्डात फोडतात. पंचायतीच्या वेळी जी हरकत घेता येते ती एवढीच, की माझं नाव चुकीच्या वॉर्डात टाकलं, किंवा नाव लिहिताना चूक झाली. मूळ यादीतच नाव नसेल तर तहसीलदार हात वर करतो, आणि कायद्यानं तो खोटं बोलत नसतो. म्हणून नाव घालायचं ते अगोदर, आमदारकीच्या यादीत, नमुना ६ भरून. अठरा वर्षं पुरी असली पाहिजेत. मेलेल्याचं किंवा खोटं नाव काढायला नमुना ७, चूक दुरुस्त करायला नमुना ८.

आता आपलं वर्ष आठवा. दिवाळी झाली, भात झोडून झालं, की पाडा रिकामा. भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर, मिठागरांवर, रेतीवर. घरोघर फिरणारा कर्मचारी येतो तेव्हा दाराला काटी लावलेली, आत म्हातारी आणि कोंबड्या. तो लिहितो, 'स्थलांतरित'. भट्टीच्या गावात मालक आपल्याला रहिवासी मानत नाही आणि स्वतःच्या गावात सरकार मानत नाही. पोट भरायला चार-सहा महिने बाहेर गेलेल्या माणसाचं राहतं ठिकाण बदलत नाही, हे ठणकावून सांगायला पाड्यात एक तरी शिकलेला पोरगा मागं ठेवला पाहिजे.

दुसरा घाव वॉर्डाचा, आणि हा जास्त खोल आहे. पंचायतीत लोकसंख्येप्रमाणे सातपासून सतरापर्यंत सदस्य असतात. गावाचे वॉर्ड पाडतात, एकेका वॉर्डात बहुधा दोन किंवा तीन जागा. दर सदस्यामागं माणसं साधारण सारखी असावीत असं घटनेत आहे. पण रेघ कुठून ओढायची हे कागदावर ठरतं. हिशोब करून पाहा. गाव बाराशे वस्तीचं, सात जागा. म्हणजे एका सदस्यामागं सुमारे १७१ माणसं. त्यात आपला पाडा चारशेचा. तो एकसंध ठेवला तर दोन जागांचा एक वॉर्ड जवळजवळ आपलाच होतो. पण तोच पाडा ओढ्यापलीकडचा, वडाखालचा, रस्त्याकडचा असा तिघांत फोडला आणि प्रत्येक तुकडा गावठाणाला जोडला, तर तीनही वॉर्डांत आपण कमीच. त्यातून मतदाराला वॉर्डात जितक्या जागा तितकी मतं. गावठाणाचा गट दोन्ही-तिन्ही मतं ठरवून टाकतो आणि सगळ्या जागा नेतो. चारशे माणसांच्या वाट्याला शून्य.

कोणी म्हणेल, पण राखीव जागा आहेत ना, आदिवासीच निवडून येणार. बरोबर. आदिवासी निवडून येतोच. प्रश्न असा, की त्याला निवडतो कोण? पाडा फोडला की राखीव जागेवरचा आदिवासीसुद्धा गावठाणाच्या मतांनी ठरतो. मग शेट आपल्याच गड्याला उभा करतो. तो बिचारा सकाळी शेटची गुरं सोडतो आणि दुपारी पंचायतीत सही करतो. आम्ही त्या गड्याला शिव्या देणार नाही. पोट त्याचं तिथं अडकलं आहे. पण राखीव जागा आली म्हणून ढोल वाजवणाऱ्यांनी आधी वॉर्डाचा नकाशा पाहावा.

वॉर्डाचा कच्चा आराखडा लोकांना दाखवावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात, आरक्षणाच्या चिठ्ठ्या सर्वांसमोर काढाव्या लागतात. हे सगळं होतं. कागदोपत्री दवंडीही होते. फक्त ती गावठाणात होते, पाड्यापर्यंत पोचत नाही. हरकतीची मुदत संपली, निवडणूक जाहीर झाली, की मग वॉर्ड चुकला म्हणून कोर्टात जाऊन काही मिळत नाही. घटनेनंच ती वाट बंद केली आहे. बोलायचं असेल तर मुदतीत, लेखी, आणि पोच घेऊन. तोंडी सांगितलेलं तहसील कचेरीत वाऱ्यावर जातं.

फॉर्म भरण्याबद्दल थोडक्यात. वय २१ पूर्ण, यादीत नाव, राखीव जागेला जातीचा दाखला, अनामत. दाखल्यासाठी आयत्या वेळी धावाल तर साहेब दौऱ्यावर असतील, हे लिहून ठेवा. दुसरं, पंचायतीच्या पट्टीची थकबाकी. बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत भरली नाही तर माणूस अपात्र ठरतो. थोड्याशा घरपट्टीवरून चांगला कार्यकर्ता छाननीत उडवतात. पट्टी भरा आणि पावती पत्र्याच्या डब्यात ठेवा. ती पावती पुढं जमिनीच्या दाव्यातही तुम्ही इथलेच आहात हे सांगायला उपयोगी पडते.

मग येतं 'बिनविरोध'. आम्हाला यावर बरंच ऐकून घ्यावं लागलं आहे. आपल्याच काही जुन्या साथींचं म्हणणं, की निवडणुकीनं पाड्यात फूट पडते, भावाभावांत बोलणं बंद होतं, आपली रीत तर बसून ठरवायची आहे. ते खरं आहे. पाड्याच्या बैठकीत, बायाबापड्यांसकट, रात्र जागून एक नाव ठरलं तर त्याहून चांगलं काय? पण गेल्या वेळी ज्या 'बिनविरोध' पंचायती झाल्या त्यांतल्या किती अशा ठरल्या? एका गावात ती शेटच्या ओटीवर ठरली. देवळाला पत्रे द्यायचे कबूल झाले आणि माघारीच्या दिवशी आपल्या दोन उमेदवारांना जीपमध्ये घालून तहसीलला नेलं. अंगठे झाले. असल्या बिनविरोधला आमचा विरोध आहे, मग देवळाला पत्रे पडोत की सोन्याचा कळस चढो.

मतदानाच्या दिवसाचं फार लिहीत नाही, ते आपल्याला येतं. एवढंच की वॉर्डात तीन जागा असतील तर तीन मतं असतात, पण एकाच माणसाला दोन मतं देता येत नाहीत. मतपत्रिकेच्या काळात शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर मारला तर मत फुकट जायचं. म्हाताऱ्यांना, नव्या बायांना आधी सराव द्या. पंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, तेव्हा 'आपला पंजा कुठं, कमळ कुठं' असं शोधत बसू नका. मोजणीला आपला प्रतिनिधी टेबलाशी बसवा. निकालाविरुद्ध जायचं तर पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करावा लागतो. सोळाव्या दिवशी आलात तर आम्हीही काही करू शकत नाही.

आता, जमिनीची संघटना हे सगळं का सांगते आहे? कारण जमीन आता पंचायतीच्या ठरावातून जाऊ लागली आहे. दगडखाणीला, शहरातल्या बाबूंच्या फार्महाऊसला कागद लागतो तो पंचायतीचा. ग्रामसेवक वही पुढं करतो, 'इथं सही कर' म्हणतो. कोऱ्या पानावर अंगठा पडतो. सहा महिन्यांनी कळतं की त्या पानावर पाड्याची गुरचरण गेली.

आणि दुसरं कारणही आहे. २४ डिसेंबर १९९६ रोजी अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा केंद्राचा कायदा झाला. भुरिया समितीच्या अहवालानंतर देशभरच्या आदिवासी संघटनांनी ओरडून ओरडून तो करवून घेतला. त्यात सरपंचपद सगळीकडं आदिवासींनाच, आणि निम्म्याहून कमी नाहीत इतक्या जागा आदिवासींना. पण आमच्या मते खरी गोष्ट ती नाही. खरी गोष्ट अशी की या कायद्यात 'गाव' म्हणजे महसुली गाव नाही. जी वस्ती, जो पाडा आपल्या रीतीनं आपला कारभार चालवतो, ते गाव. त्याची स्वतःची ग्रामसभा. भूसंपादनाआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत, बेकायदा गेलेली आदिवासींची जमीन परत मिळवण्याचे अधिकार, सावकारीवर आणि दारूवर लगाम, गौण वनोपजाची मालकी. वॉर्डाची रेघ ओढून जो पाडा ते फोडतात, तोच पाडा या कायद्यानं अख्खा उभा राहू शकतो.

राज्यांना आपले कायदे बदलायला एक वर्ष दिलं होतं. महाराष्ट्र सरकारनं काय बदललं आणि काय पोटात घातलं ते पाहावं लागेल. 'ग्रामसभा किंवा पंचायत' यातला 'किंवा' आम्हाला खटकतो. सल्ला पंचायतीचा घेतला की झालं, असं म्हणायला वाट राहते, आणि ती पंचायत गड्यांची असेल तर सल्ला कोणाचा ते सांगायला नको. म्हणून पंचायत सोडून चालणार नाही. रायगडातल्या आपल्या कातकरी साथींना तर हा कायदाही नाही, त्यांचा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. त्यांना जुन्याच कायद्यात, जुन्याच वॉर्डांत लढायचं आहे, आणि तिथं यादीतलं एकेक नाव आणखी महाग.

शेतं लावून होताच, नागपंचमीच्या आसपास, पाडे भरलेले असतात. तेच दिवस यादी वाचायचे. प्रत्येक पाड्यानं आपल्या भागाची यादी तहसीलातून पाहून उतरवून घ्यावी, रात्री बैठकीत मोठ्यानं वाचावी, कोण राहिला, कोण मेला, कोण दुसऱ्या वॉर्डात गेला याची खूण करावी. नमुना ६ चे कागद संघटनेच्या कचेरीत ठेवले आहेत. येताना रेशनकार्ड आणा. ज्यांच्याकडं तेही नाही त्यांनी तसंच या, त्यांची वेगळी वही आम्ही घातली आहे. वॉर्डाचे नकाशे मागायला तालुक्यावर एकत्र जायचं आहे, दिवस पुढच्या बैठकीत ठरेल. प्रत्येक पाड्यातून दोन माणसं, त्यातली एक बाई असावी.