चार्टवरची रेघ आधी शिकवा

फ्लाइट सिम्युलेटरवर विमान उतरवणारी मुलं आता नारायणगावातही आहेत. त्यातल्या काहींना खरंच पायलट व्हायचंय. मी निवृत्त भूगोल शिक्षक, म्हणून चार्ट घेऊन माझ्याकडे येतात. चाकं धावपट्टीला किती अलगद टेकली, याचंच त्यांना कौतुक. माझं मत स्पष्ट आहे: ढगातून खाली येताना कुठे किती उंची राखायची, हे त्याआधी शिकवलं पाहिजे.

उपकरणांच्या आधारे उतरण्याच्या चार्टवर टप्प्याटप्प्याला उंचीचे आकडे असतात. आकड्याखाली रेघ असेल तर त्या उंचीच्या खाली जायचं नाही. वर रेघ असेल तर त्याहून उंच राहायचं नाही. वर-खाली दोन्हीकडे रेघा असतील तर नेमकी तीच उंची. मग साधं गणित. 3,000 फुटांवरून 1,800 वर यायचंय, अंतर चार नॉटिकल मैल, जमिनीसापेक्ष वेग 120 नॉट, म्हणजे हातात दोन मिनिटं. मिनिटाला 600 फूट उतरा. सातवीतला मुलगा हे करतो. पण ऑटोपायलटचं बटण दाबलं की सगळं आपोआप होतं, असं त्याला वाटत असतं.

"सर, एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) अ‍ॅप्रोचची परवानगी दिली. आता उतरू ना?" हा प्रश्न हमखास येतो. 1 डिसेंबर 1974 रोजी वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे येणाऱ्या टीडब्ल्यूए 514 या विमानाच्या वैमानिकांनी परवानगीचा अर्थ तसाच घेतला. धावपट्टी अजून 44 नॉटिकल मैल दूर होती, आणि ते थेट 1,800 फुटांकडे उतरू लागले. ती उंची राउंड हिल हा बिंदू ओलांडल्यानंतरची होती. त्याआधी चार्टवर 3,400 चा आकडा होता. विमान माउंट वेदरवर आदळलं, 92 जण गेले. त्यानंतर अमेरिकेत प्रवासी विमानांना जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र सक्तीचं झालं.

1997 मध्ये ग्वाममध्ये कोरियन एअरच्या विमानाचंही असंच झालं. उतरण्याचा उतार दाखवणारा ग्लाइडस्लोपचा संकेत बंद होता, पायऱ्यापायऱ्यांनी उतरायचं होतं. निमित्झ टेकडीवरचा व्हीओआर हा रेडिओ दिशादर्शक ओलांडेपर्यंत 1,440 फुटांखाली यायचं नव्हतं. विमान सुमारे 660 फुटांवर त्याच टेकडीला धडकलं. 254 पैकी 228 जणांचा मृत्यू झाला.

मुलांना मी जुन्नरजवळचा दावंड्याचा डोंगरही नकाशावर दाखवतो. 7 जुलै 1962 च्या रात्री बँकॉकहून मुंबईला येणारं अलितालियाचं डीसी-8 तिथे कोसळलं. विमानातले सगळे 94 जण गेले. आपण मुंबईच्या बरेच जवळ आलोय, असं समजून वैमानिकांनी वेळेआधी उतरायला सुरुवात केली होती, आणि ठरलेली किमान सुरक्षित उंचीही राखली नव्हती. पावसाळ्यात या डोंगरांवर ढग किती खाली येतात, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही.

म्हणून सिम्युलेटर शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. गुण टेकण्यावर देऊ नका, प्रत्येक बिंदूवर राखलेल्या उंचीवर द्या. निदान सुरुवातीला मुलांना उतरण्याचा दर स्वतः काढू द्या. मुंबईचे अ‍ॅप्रोच चार्ट विमानतळ प्राधिकरणाच्या एआयपी या अधिकृत माहितीसंग्रहात मोफत पाहता येतात. घरी सिम्युलेटर असेल तर विमान सुरू करण्याआधी ते उघडा आणि रेघा मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.