एका खांद्याचा हिशेब

दिवाळी सरली की आमच्या लाखनीकडे गावोगाव मंडई भरते, हुतूतूची मैदाने आखली जातात. यंदा भाच्याने आधीच जाहीर केले, "मामा, कॉलेज सोडतो. सिद्धार्थ देसाईला दीड कोट मिळाले!"

आकडा जवळपास खरा. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या त्या पोराने २०१८ च्या प्रो कबड्डीत दोनशेवर गुण लुटले. २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. पण २०२१-२२ च्या हंगामात खांदा दुखावला अन् गडी बाहेर बसला.

मी म्हणालो, "बाबा रे, बोली साऱ्या माणसावर लागते, मोडतो तो एकच खांदा. देसाई आधी बी.एस्सी. झाला, हे विसरू नकोस."

भाचा गप्प. सकाळी पाहतो तो पुस्तक उशाशी, अन् स्वारी मैदानावर!